फळ्यावरचा नमुना

प्रिय स्वप्ना,

तुझं संशोधन मी बुडवलं, हे आधी सांगून टाकतो. त्या गोंधळात मला तुझी काळजी लागली आहे आणि ती नक्की कशी करायची ते कळत नाही, म्हणून फोन न करता लिहितोय.

कॉलेजातली मुलं दिवसाला किती बसतात, व्यायाम किती करतात, त्यांना बरं वाटतं का, हे तुला आमच्या तलासरीतून हवं होतं. चाळीस फॉर्म भरून झाले. चाळीसही सारखे. तुझ्या फाइलीतलं शेवटचं पान हाताने भरलेलं होतं, वर नाव नव्हतं. मला वाटलं, मास्तराची मुलगी, नमुना दिला असणार. मी तो फळ्यावर उतरवला आणि म्हणालो, मुलीने पाठवलाय, असं भरा. आता सरांनी फळ्यावर लिहिलं ते उत्तर, त्यात आपलं काही घालणं म्हणजे उद्धटपणा. ही शिस्त वीस वर्षं मीच लावली आहे. तेव्हा पाड्यावरून तासभर चालत हायवेला येणाऱ्या पोरांनी लिहिलं : बसणं चौदा तास, चालणं दहा मिनिटं. पोलीस भरतीसाठी रोज पाच किलोमीटर धावणाऱ्या विनोदने व्यायाम शून्य लिहिला. मी चिडलो. त्याचं म्हणणं, ते धावणं भरतीचं, व्यायाम शहरातले लोक करतात. आणि चौदा तास फळ्यावरचे; वर्गात बसतो ते बसणं नव्हे, शिकणं. माझा पगार त्याच समजुतीवर चालतो.

रविवारी घोलवडला चिकू तोडायला जाणारी लाडकी नावाची पोर मात्र तास संपल्यावर कागद धरून उभी राहिली. गेल्या चौदा दिवसांत किती दिवस मन प्रसन्न होतं, या प्रश्नापुढे तिनेही शून्यच उतरवलं होतं.

“सर, हे जिने लिहिलं ती बरी आहे ना?”

नमुना आहे गं, खोटा असतो, असं म्हणून मी तिला वाटेला लावलं. घरी डहाणूला येऊन ते पान पुन्हा पाहिलं. तुझं अक्षर बारावीनंतर मी पाहिलेलंच नाही. पण चार काढताना शेपूट ओढायची तुझी खोड पहिलीत मी रागावूनही गेली नव्हती. चौदातल्या चाराला ते शेपूट आहे.

ते पान चुकून आलं की तू ठेवलंस, कळत नाही. रागवावं, विचारावं, की पाहिलंच नाही असं करावं, तेही कळत नाही. ‘रोज थोडं चालत जा’ असं लिहिलं होतं, खोडलं. तुझ्या आईला पान दाखवलं. जयमालाबाई एरवी मला सल्ला देण्यात मागे नसतात; या वेळी त्यांनी चष्मा काढला आणि कपाटावरची बॅग खाली उतरवली.

शनिवारी आम्ही दोघं पुण्याला येतोय. रजा टाकली आहे, परतीचं तिकीट काढलेलं नाही. खोली आवरू नकोस. पत्र आधी धाडतोय ते एवढ्यासाठीच, की दार उघडल्यावर तुला ‘मी मजेत आहे’ म्हणावं लागू नये.

तुझाच, गोंधळलेला,
बाबा