सरांचा हातगुण

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच समज, या खोलीत आठही अंगं पसरायला जागा नाही.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा खोकला थांबला का, की अजून शेजाऱ्यांना तेच उठवतात? मी खुशाल आहे असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. खरं तर कालपासून माझी वाचा बसली आहे, म्हणून फोन न करता पत्र.

मी इथे नेमकं काय करते हे तू दर वेळी विचारतेस आणि उत्तर सुरू झालं की गॅस बंद करायला उठतेस, तर आता बसून वाच. माझ्याकडे काचेचा एक लोलक आहे. त्याच्या एका बाजूवर सोन्याचा वर्खाहून पातळ थर, आणि त्याच्या पोटात कोबाल्ट या धातूचा पापुद्रा. (एवढ्या सोन्यात मुंगीचं कानातलंसुद्धा होणार नाही, तेव्हा आशा ठेवू नकोस.) त्यावर लेसरचा किरण सोडला की तो आरशावरून यावा तसा परत येतो. पण एका ठरावीक कोनात तो परत येतच नाही! सोन्यातले इलेक्ट्रॉन एका तालात डोलायला लागतात आणि प्रकाश त्यांच्याबरोबर, पाण्यावरच्या तरंगासारखा, पृष्ठभागावरूनच पळत सुटतो. या तरंगाला सरफेस प्लाझ्मॉन म्हणतात. जवळ चुंबक आणलं की तरंगाची चाल जराशी बदलते आणि परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. म्हणजे कशालाही हात न लावता, नुसत्या चुंबकाने प्रकाश मंद किंवा प्रखर करायचा. हाच माझा प्रबंध.

आता आमचे सर. ऑफिसातल्या क्लार्कने मनगटात तांब्याचं कडं घातलं, तर त्याला दारातच अडवून जेवणाची सुट्टी संपेपर्यंत भौतिकशास्त्र शिकवणारा हा माणूस. आणि माझी अडचण अशी, की मी एकटी असताना चुंबकाच्या दोन कॉइलींमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांमधून, कितीही वीज सोडली तरी परत येणारा प्रकाश दाखवणारी पडद्यावरची रेघ मेल्यासारखी आडवी. सर आले, टेबलाला पोट टेकवून वाकले, की रेघ टुणकन वर! सर गेले की पुन्हा गपगार. मी सगळं तपासलं, सगळं पुसलं, शेवटी लोलकाची विनवणीही केली. सर मात्र खूश. “याला हातगुण लागतो,” असं ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि आत्या, मी मान डोलावली! मग सरांना चहाच्या निमित्ताने बोलवायचं आणि ते वाकलेले असताना मापं घ्यायची, असं चाललं होतं. प्रबंध जवळजवळ झालाच होता.

काल परीक्षक बाई आल्या. बारीक चणीच्या, आवाज मऊ, पण नजर अशी की भिंतीवरचं घड्याळसुद्धा वेळ बरोबर दाखवायला लागावं. सर प्रयोग समजावायला वाकले, रेघ उडाली. बाई म्हणाल्या, “जरा मागे सरका.” रेघ खाली. “पुढे या.” रेघ वर. चारचौघांत आमचे सर शाळेच्या कवायतीसारखे पुढे-मागे होत होते. मग बाईंनी टेबलावरचा छोटा पेचकस उचलून सरांच्या पोटाजवळ धरला. तो बाईंच्या हातातून सुटला आणि खाडकन सरांच्या शर्टाला चिकटला. तिथेच राहिला.

सरांच्या शर्टाखाली चुंबकाचा पट्टा होता! कंबरदुखीवर विकतात तो, गोल गोल चकत्यांचा! ज्यावर सरांनी वर्गात हसून हसून डोळे पुसले होते, तोच. सर कपाटाआड जाऊन पट्टा काढून आले आणि इतक्या हळू बोलले की मला माझेच कान खोटे वाटले. “फार दुखतं हो. काहीच लागू पडेना.”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पट्टा लोलकाजवळ धरला, रेघ वर. उलटा केला, रेघ खाली. मग माझ्याकडे वळल्या. “मुली, तुझा थर उत्तम आहे. तुझ्या कॉइली बघ.” बघितल्या, तर दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध जोडलेल्या, भांडणाऱ्या जावांसारख्या. एक ओढते, दुसरी ढकलते, मधल्या लोलकाला काहीच नाही. जोडल्या कुणी? मी. चुंबकाचा जोर मोजला होता की नाही? मोजला होता, पण एकीच्या दाराशी, मधोमध नाही. तारा उलटवल्या, वीज सोडली, आणि सर भिंतीपाशी उभे असताना रेघ पहिल्यांदा माझं ऐकून नाचली. मी रडले की हसले ते आठवत नाही. सरांनी मात्र टाळी वाजवली, एकट्यानेच.

काकांना नमस्कार.

तोंडाचा आ अजून न मिटलेली,
तुझी भाची

ता. क. आधीची सगळी मापं केराच्या टोपलीत गेली, म्हणजे पदवी आणखी वर्षभर लांबली. हे बाबांना तू सांग. आणि त्यांनी दारावरच्या पाटीवर माझ्या नावाआधी ‘डॉ.’ रंगवून घेतलंय, ती पाटी काहीतरी निमित्त काढून आधी उतरवून घे.

ता. क. २. पट्टा बाईंनी माझ्याकडेच ठेवला. चुंबकाने पाठ बरी होत नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. हे पत्र तो बांधूनच लिहिलं. सरांनी परत मागितला, तर सापडत नाही म्हणणार आहे.