तीनशे बारा कोड्यांची वही

नांदेड, रविवार

मल्लम्माअक्कास धाकट्या मन्मथचा शरणार्थ.

सागवानी पाट, करवंटी घासून केलेल्या एकशे एक्क्याऐंशी काळ्या सोंगट्या, संगमरवराच्या एकशे ऐंशी पांढऱ्या आणि तीनशे बारा कोड्यांची वही, सगळं माझ्या हातचं हाय.

'गो' ह्या जपानी पटाच्या खेळात वेढलेल्या सोंगट्यांना आत दोन वेगवेगळी रिकामी घरं राहिली तर त्या जगतात, एकच राहिलं तर मरतात. एकशे अठराव्या कोड्यात मी त्यांना मेलेल्या धरलं होतं. तीन महिन्यांनी कळलं, जगतात! लाल शाईनं दुरुस्त केलं. शिकवायला कोण होतं?

चष्मा दिवाळीनंतर बदलीन, काळजी नको. दाजींचा गुडघा कसा हाय?

परवा लातूरचे एक क्लासवाले वही चाळून म्हणाले, "अप्पा, लई भारी! छापू, पण नाव आमचं. तुम्हाला कोण ओळखतं?"

वही त्यांच्या हातातून काढून घेतली. चाळीस हजार देत होते, अक्का. न्हाई म्हणालो.

तुझा,
मन्मथ