आई, मी तात्यांशी बोलले

आई, तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते. आता मी इंजिनियर आहे. घरातली पहिली पदवी माझी, हे तुला कुणी सांगितलं नसणार, म्हणून आधी तेच लिहिते. आणि मला अजून शिकायचं आहे. मुंबईला अभियांत्रिकी व्यवस्थापनाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. ते नाव ऐकून दादा म्हणाले, "म्हंजी मुकादमीच का गं?" मी हसले, पण त्यांचं फारसं चुकलं नव्हतं. प्रश्न होता तो तात्यांचा. माझा बाप असूनही थोरल्या भावाच्या शब्दाशिवाय दादा आजही काही करत नाहीत, आणि तात्यांनी माझ्यासाठी दोन स्थळं बघून ठेवली होती.

हे शिक्षण मला का हवं झालं, ते सांगते. दुष्काळ पडल्यापासून मी पाथर्डीकडे पाझर तलावाच्या कामावर आहे. पुरुष खणतात, बायका मातीच्या पाट्या बांधावर नेऊन टाकतात. लोकांनी आपापल्या टोळ्या केल्या होत्या, त्यात काही मेळ नव्हता. एका टोळीत खणणारे दणकट आणि पाट्या वाहायला दोघीच, तर शेजारी बायका रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या. मी एक संध्याकाळ बसून सगळ्यांची नव्याने वाटणी केली. कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही, अशी. मला तिचा फार अभिमान वाटला होता. दुसऱ्या दिवशी काम आधीपेक्षाही कमी झालं.

मी बांधावर उभी राहून बघते, तर एक तरणी बाई एका हाताने डोईवरची पाटी धरतेय, दुसऱ्या हाताने पदर. खड्ड्याशी जाते आणि पाठ करून थांबते. कुणी पाटी भरली तर भरली, नाही तर तशीच उभी. मी म्हटलं, "अगं, माती भरून माग की!" तिने पदर आणखी पुढे ओढला. मागून एक वयस्क बाई ओरडली, "काय मागंल ती? मामंजी हायत ते तिचं! तुमी तिला सासऱ्याच्या टोळीत घातली, सायेबबाई." बायका पाट्या खाली ठेवून हसायला लागल्या. "लगीन करा, म्हंजी कळंल!" कुणीतरी जोडून दिलं.

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू भाकरी थापत असायचीस आणि तात्या दारात येऊन पाणी मागायचे. तुझे हात पिठाचे. तू मनगटानेच पदर पुढे ओढायचीस, भिंतीकडे वळायचीस आणि मला हळूच म्हणायचीस, "सांग त्यांना, हंड्यात हाय." मी ते मोठ्याने सांगायचे. तोवर तव्यावरची भाकरी करपलेली. एकदा मी चिडले, "त्यांना ऐकू आलंय की! तूच सांग ना." तू डोळे वटारलेस. ते गेल्यावर मात्र हसत म्हणालीस, "तुझी जीभ लई चालती ना? मग दोघींचं तूच बोलत जा." एवढं सगळं बघत मोठी झालेली मी, वाटणी करताना ते मला आठवलंसुद्धा नाही. माझ्या हिशेबात नुसती माणसं होती, त्यांची नाती नव्हती.

मग मी एकेकीला विचारलं, कुणापुढे पदर घ्यावा लागतो, आणि त्याप्रमाणे टोळ्या पुन्हा लावल्या. काम चाललं. बरं वाटलं, पण टोचतही राहिलं. पदर आहे तसाच ठेवून मी फक्त त्याला वाट करून दिली होती. त्या हंगामात मला दुसरं काय करता आलं असतं, हे मला माहीत नाही. ते शिकायला कुठे मिळत असेल तर तिथे जावं, असं तेव्हापासून मनात आहे.

गेल्या रविवारी घरी गेले. दादा म्हणाले, "तूच सांग तात्यास्नी. मला त्या शिक्षनाचं नावबी नीट घेता यायचं न्हाई." पुण्याच्या कॉलेजच्या वेळी माझ्या वतीने दादाच बोलले होते. स्वतःसाठी मी तात्यांकडे कधी काही मागितलं नव्हतं. ते गुरांच्या छावणीवरून नुकतेच आले होते, ओसरीवर पाय चोळत बसले होते. मी सांगितलं.

"इंजिनेर झालीस की. आनिक काय ऱ्हायलं?"

"माती कशी दाबायची ते शिकले, तात्या. माणसं कामाला कशी लावायची ते शिकायचंय."

"त्याला कालिज लागतं व्हय? मला इचार की!"

मी टोळ्यांची गोष्ट सांगितली. आधी ते खूप हसले. सासऱ्याच्या टोळीतली सून ऐकून त्यांना ठसका लागला. मग हसू थांबलं. पुन्हा पाय चोळायला लागले आणि खाली बघतच म्हणाले, "तुझ्या आईचा आवाज कसा हुता गं? इतकी वर्सं एका घरात काढली आमी. मला ठावंच न्हाई."

मी तुझी भाषा सांगू शकले असते, पण आवाज कसा सांगायचा?

"जा," ते म्हणाले. "त्या स्थळवाल्यांना मी बघतो. दर म्हैन्याला खुशाली धाड. दादाला न्हाई, मला."

आई, हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. दुष्काळी भागातल्या लोकांसाठी शिकतेय, असं मी मुलाखतीत सांगितलं, तात्यांनाही तेच. ते खोटं नाही. पण प्रवेश मिळाल्याचं कळलं त्या क्षणी माझ्या मनात बांध नव्हता, त्या बायकाही नव्हत्या. मी नुसती खूश झाले होते, माझ्यापुरती.