बत्तीस बोअरच्या शेवटच्या दोन गोळ्या

मी, ऑर्फा लीडिंगहॅम, वय एकाहत्तर, बंदुका दुरुस्त करणारी, राहणार स्टिलहाउस फोर्क, पूर्व केंटकी, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. फुफ्फुसात काय वाढते आहे ते डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितले आणि मला ते नीट समजले. मला कोणी धाक घातलेला नाही. तसा धाक घालणारा माणूस तेहेतीस वर्षांपूर्वी मेला. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र या कागदाने रद्द झाले असे समजावे, कारण त्यात मी एक गोष्ट लपवली होती.

कलम एक. स्टिलहाउस फोर्कचे घर, मागचा उतार आणि झऱ्याचे पाणी माझी एकुलती मुलगी ट्रेसा हिला द्यावे. अट कोणतीही नाही. तिने ते विकावे, पाडावे, हवे तर जाळावे. अठरा वर्षांची झाली त्या दिवशी ती या घरातून गेली, ती पुन्हा आत आली नाही.

कलम दोन. माझ्या कानशी, स्क्रूड्रायव्हर, बाकावरची पकड आणि स्प्रिंगांचा डबा माझी भावजय मॉडी हिला द्यावा. माझा भाऊ क्लोविस याच्या बंदुकांच्या दुकानात मी बावीस वर्षे काम केले. मॉडी, बाई दुकानात आली आणि सोबतच्या पुरुषाने तिच्यासाठी सगळ्यात दांडगे रिव्हॉल्व्हर उचलले, तर ते खाली ठेवायला लाव. तिला दगडाच्या खाणीवर ने. पहिला बार कोणीही काढतो. दुसरा तिला काढता येतो का, तेवढे बघ.

कलम तीन. माझे बत्तीस बोअरचे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर कोणालाही विकू अगर देऊ नये. मॉडीने ते दुकानाच्या करवतीने तिसऱ्या कोणासमोर तीन तुकडे करून कापावे. ते माझ्याकडे कसे आले ते लिहिणे भाग आहे.

माझा नवरा रॉइस याने माझे उजवे मनगट दोनदा मोडले होते. १९९१च्या मार्चमध्ये त्याने ट्रेसाला केसांना धरून पायऱ्यांवरून ओढले, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मी कोर्टातून त्याला घराबाहेर काढण्याचा हुकूम आणला. त्याने निरोप धाडला की तो मला गाडील आणि पोरीला घेऊन जाईल. दुसऱ्या दिवशी मी क्लोविसच्या दुकानात गेले. त्याने तीनशे सत्तावन्न बोअरचे दांडगे रिव्हॉल्व्हर काढून माझ्यापुढे ठेवले.

"हे घे. एक बार, आणि तो उठणार नाही."

खाणीवर पहिल्याच बाराला मनगटातून अशी कळ गेली की रिव्हॉल्व्हर हातातून पडले. मग अडतीस घेतले. तीन बार निभावले, चौथ्याला मी डोळे मिटले होते. बावीस हाताला हलके होते, पण दहातल्या दोन गोळ्या उडाल्याच नाहीत. ते क्लोविसनेच बाजूला ठेवले. शेवटी बत्तीस. त्यात पाचाऐवजी सहा गोळ्या बसत, आणि निशाण म्हणून ठेवलेल्या कॉफीच्या डब्यावर सहाही मी अचूक मारल्या. क्लोविस हसला.

"याने खार मरेल, ऑर्फी. रॉइस नुसता चिडेल."

"माझ्या हातात राहील तेच मी नेणार," मी म्हणाले. शिवाय आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत पातळ फळ्यांची होती आणि पलीकडे ट्रेसाचा पलंग होता. दांडगी गोळी माणसातून निघून कुठे जाईल, हे मी त्याला विचारले.

तीन आठवडे ते माझ्या एप्रनच्या खिशात होते. एप्रिलच्या तेरा तारखेला, शनिवारी सकाळी अकराला, मी घेवडा शिजत घातला होता आणि ट्रेसा टेबलाशी बसली होती. रॉइसने मागचे दार लाथेने पाडले. हातात हरीण सोलायचा सुरा होता. ट्रेसा टेबलाखाली गेली. माझी पहिली गोळी चौकटीत घुसली. दुसरी त्याच्या पोटात लागली, तिसरी खांद्यात. तो थांबला नाही. तेवढ्यापुरते क्लोविसचे खरे होते. त्याने वार केला आणि माझ्या डाव्या हाताची दोन बोटे चुलीवरच्या पातेल्यात पडली. चौथी मी त्याच्या छातीला नळी टेकवून झाडली. शर्ट जळाल्याचा वास आला. तो चुलीशी खाली बसला आणि सुरा टेबलाखाली घसरला.

आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या ज्यूरीला मी सांगितले की सहाही गोळ्या एका दमात झाडल्या. प्रेत तपासणारे डॉक्टर म्हणाले की त्यातल्या दोन वरून खाली गेल्या आहेत. तेव्हा सरकारी वकिलाने क्लोविसला जाणकार म्हणून उभे केले. क्लोविस शपथेवर म्हणाला, "ते बत्तीस आहे, साहेब. त्याने माणूस थांबत नाही. वाकून अंगावर येणाऱ्याला गोळ्या वरूनच लागणार." माझ्यावर आरोप ठेवला गेला नाही. बाहेर ट्रकपाशी तो मला म्हणाला, "तू काय केलंस ते मला कळलंय. माझ्यापुढे हा विषय पुन्हा काढू नकोस." मी काढला नाही. तो गेल्या फेब्रुवारीत वारला. आता त्याला कोणी शपथभंगाबद्दल धरू शकत नाही, म्हणून लिहिते.

कलम चार. रॉइसचा भाऊ डेन्झिल याला रॉइसची हरणांच्या शिकारीची बंदूक द्यावी. ती मी दर वर्षी तेल लावून ठेवली आहे. भाऊ गेला की माणसाचे काय होते ते मला आता कळले. त्याने माझ्या खिडकीवर दोनदा छर्रे झाडले, त्याबद्दल मात्र माफी नाही. बंदूक देताना हे वाक्य त्याला वाचून दाखवावे.

कलम पाच. ट्रेसा, तू त्या दिवशी पोलिसांना सांगितलेस तेच घडले. तो खाली बसला होता. हात रिकामे होते. "बस, ऑर्फी. बस झालं," असे तो म्हणाला. तू टेबलाखालून "आई, नको" म्हणालीस. मला दोन्ही ऐकू आले. मी दोन पावले पुढे गेले आणि त्याच्या तोंडावर दोन गोळ्या झाडल्या. मनगट जरासुद्धा दुखले नाही.

पहिल्या चारांबद्दल मला कधी वाईट वाटले नाही. शेवटच्या दोन भीतीच्या नव्हत्या, त्या रागाच्या होत्या. आणि त्याहून वाईट मी नंतर केले. पोलिसाला म्हणाले, "पोर घाबरलीय, तिला काही उमगलेलं नाही." मग पाद्री, शिक्षक, चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या बाई, सगळे तुला तेच सांगू लागले. तुला दर आठवड्याला डॉक्टरकडे नेले, तू तसे म्हणायचे थांबेपर्यंत. थांबलीस त्या दिवशी मी तुझ्यासाठी ॲपल पाय भाजला होता. तू त्याला हात लावला नाहीस.

माझी पेटी खड्ड्यात उतरवण्यापूर्वी हे कलम चर्चमध्ये जमलेल्या सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, आणि एक प्रत पोलिसांना द्यावी. ट्रेसा आली नाही तरी वाचावे.

ऑर्फा लीडिंगहॅम
स्टिलहाउस फोर्क, १९ सप्टेंबर २०२४

ऑर्फा यांनी वरील मजकूर आम्हा दोघांना वाचून दाखवला आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हाला यातून काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार: हॉबर्ट स्लोन, शेजारी.

साक्षीदार: आर्लीन जेंट, रविवारच्या शाळेची निवृत्त शिक्षिका. खोटे बोलल्याबद्दल देवाची क्षमा माग, असे ट्रेसाला मी सांगितले होते. तिने मागितली होती.