चौथा रकाना

१२ सप्टेंबर, सकाळ

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. मी बरा आहे. उजव्या हाताची बोटं सुजलीत, म्हणून अक्षर असं.

गेल्या महिन्यात, तीन तारखेच्या दुपारी, नोंदणीच्या चौथ्या रकान्यात मी एक शब्द टाइप केला आणि तिथेच सगळं बदललं. आईला फोनवर सांगितलं की दादाचा जुना कॉम्प्युटर कॉलेजच्या नेटवर्कला जोडताच आला नाही, अभ्यास बुडाला, म्हणून कॉलेज सोडलं. ते खोटं आहे. तुझा कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी जोडला गेला.

नेटवर्क खोलीतले साहेब म्हणाले होते, "हे भंगार माझ्या नेटवर्कवर नको." पण तिथे काम करणारी, आमच्यापेक्षा एक वर्ष पुढची मुलगी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली. झाकण काढून म्हणाली, "अगं बाई, इथे तर कोळ्यानं संसार थाटलाय!" धूळ फुंकली, कार्ड बसवलं, दोन तास झगडली. "आजोबांना दम लागतो हं. एका वेळी एकच काम सांगत जा."

दादा, मी तिथेच कामातून गेलो.

ती केबल आणायला आत गेली. एकच रकाना उरला होता : कॉम्प्युटरचं नाव. मी तिचं टाकलं. वाटलं, मलाच तर दिसणार. संध्याकाळी कळलं, ती यादी सगळ्या वसतिगृहाच्या पडद्यांवर दिसते.

"काय रे, ती आज चालू आहे की बंद?"

"हँग झाली असेल, दे एक थप्पड!"

हे दुसरं शेजारच्या खोलीतला लंबू म्हणाला. रोज हेच ऐकून गेल्या आठवड्यात मी त्याचा दात पाडला. कॉलेजनं लेखी माफी मागायला सांगितली, मी दाखला मागितला.

इथवर मी शूर वाटतो ना? नाव बदलायला एक मिनिट पुरलं असतं. मी महिनाभर बदललं नाही. बदललं तर लंबू जिंकला असं होईल, एवढंच डोक्यात. आणि नोंदणी तिच्या टेबलावरून झालेली, म्हणून साहेबांना वाटलं तिनंच थट्टा केली. तिला कामावरून काढलं. मला ते ठाऊक होतं. मी गप्प बसलो.

काल ती आली. उंबऱ्यातच थांबली.

"माझ्यासाठी मारामारी केलीस म्हणे?"

"हो."

"यादीत मी अजून आहे." मग हळूच, "मला विचारायचं तरी."

मी कॉम्प्युटरला तिचं नाव ठेवलं, आणि वसतिगृहानं तिला नावं ठेवली. सुरुवात माझीच.

आज उठल्या उठल्या बदललं. रकाना रिकामा सोडता येत नाही. 'दादाचा जुना' असं लिहिलं. यादीतून तिचं नाव जाईपर्यंत बसून राहिलो, मग केबल उपटली. कॉम्प्युटर खोक्यात बांधलाय, वॉचमनकाका पार्सल करतील. त्याला बोल लावू नकोस, त्यानं सगळं नीट केलं. आईनं विचारलं तर खरं तेच सांग.

आता साहेबांकडे जातोय. नाव मी टाकलं, तिला ठाऊकही नव्हतं, हे त्यांना लिहून देणार. आवाज न चढवता. ती माझ्याशी बोलणार नाही, ते कळतंय. तिचं टेबल तिला परत मिळावं.

खोली रिकामी आहे. पेन खिशात घालतो, बाहेर पडतो, दार ओढून घेतो.

ज्याच्यासाठी तू खोटं बोलू नयेस असा,
तुझा धाकटा