साडेपाच तासांचा फरक

जुना जालना,
शनिवार, दुपार

प्रिय शालू,

अनेक आशीर्वाद, घेशील तर. सकाळपासून हा चौथा कागद. एक ओळ लिहितो, उठतो, माठातलं पाणी पितो, खिडकीतून गल्ली बघतो, परत येऊन बसतो. तुझी काकू मघाशी म्हणाली, "काय तव्यावर बसल्यासारखं करून राह्यले?" तिला काय सांगू? अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या नावाच्या पाट्या रंगवण्यात गेलं, उरलेलं दुसऱ्यांच्या वेबसाइटी बांधण्यात. स्वतःच्या नावानं चार ओळी लिहायची पाळी आली तर हात चालंना. तुझा भाऊ परमेश्वर आज मोंढ्यात बाजाराला आलाय, संध्याकाळच्या गाडीनं वाटूरला परत जाईल. त्याच्याच हाती हे द्यायचंय, म्हणून आज पुरं करणं भाग आहे.

मंगळवारी परतूरच्या शाळेत तुझी मुलाखत आहे, ते मला कळलंय. शाळेची साइट नव्यानं बांधायची आणि पुढं सांभाळायची, असं काम आहे म्हणे. तीन वर्षांनी तू परत या कामाकडं वळतीयेस. ऐकून बरं वाटलं, पण काळजीही लागली. माझ्या दुकानातून तू जो ठपका घेऊन गेलीस, तो तुझ्या आधी परतूरला पोचतो की काय, ही भीती. त्याबद्दलच लिहायचंय. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तुला ठाऊक आहे. मी वाड्याभोवती चक्कर मारून मंग दारात येणारा माणूस.

आधी इकडची खबर देतो. आपल्या गिऱ्हाइकांच्या अकरा साइटी एकदम अंगावर आल्या. होस्टिंगवाल्यांचं पत्र आलं की महिनाअखेर जुनं सगळं बंद, ज्यांनी अपडेट केलं नसेल त्यांची साइट दिसणार नाही. तू सांगून सांगून थकलीस, "काका, दर महिन्याला थोडं थोडं करत जाऊ, घर सारवल्यासारखं." आणि मी म्हणायचो, "चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची?" आता गाडीही थांबली आणि खीळही माझ्याच हातात. मंग तुझी वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, तू टेबलाच्या खणात सोडून गेल्तीस ती. पहिल्याच पानावर तुझ्या अक्षरात, 'आधी नक्कल, मंग अस्सल.' साइटची नक्कल करायची, अपडेट त्या नकलेवर करून बघायचं, सगळं बराबर दिसलं तरच खऱ्या साइटीला हात लावायचा. या वयात मी ते ओळ न ओळ वाचून केलं. बियाणेवाल्यांच्या नकलेवर तुरीच्या पानात कपाशीचे फोटो जाऊन बसले. मोसंबीच्या रोपवाटिकेची सगळी झाडं आडवी झाली, जणू वादळ येऊन गेलं. नक्कल होती म्हणून निभावलं. चष्मा कपाळावर चढवून मी एकटाच हसत होतो आणि खालचा धान्यवाला जिन्यातून विचारत होता, "रामप्रसादभाऊ, तब्येत बरी हाय ना?"

दहा साइटी झाल्या. अकरावी नर्सिंग कॉलेजची. तिचं नाव निघालं की मी अजून विषय बदलतो, तुझं काय होत असेल. ती साइट तू यायच्या आधीची, माझ्या हातची पहिली. तीन दिवस मी तिच्याभोवती घुटमळलो. दुकानात जायचो, कॉम्प्युटर चालू करायचो आणि काहीतरी निमित्त काढून बाजारात निघून जायचो. काकूला नको असलेला पाटा-वरवंटासुद्धा टाकी लावून आणला, इतका मी घराबाहेर राहिलो.

तो दिवस तुझ्याइतकाच मलाही पाठ आहे. कॉलेजचे सचिव साहेबराव जिना चढून आले, त्यांच्यामागं जांब समर्थच्या झुंबरबाई, त्यांची नात आणि आणखी दोघीतिघी पोरी. झुंबरबाईंच्या हातात आपल्याच साइटीवरून काढलेला छापील कागद. त्यावर प्रवेश अर्जाची शेवटची तारीख तीस. खरी तारीख होती वीस. सात पोरी फाटकावरून परत गेल्या. झुंबरबाई भांडल्या नाहीत, त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "आमी तर कागद बघूनच आलो, बापा." साहेबराव म्हणाले, "कोणी केलं हे, आत्ताच्या आत्ता सांगा." मी सगळ्यांसमोर साइटीच्या आत जाऊन बदलांची नोंद उघडली. कोणी, कधी, काय बदललं, सगळं तिथं राहतं. नाव तुझं होतं. तारीख महिन्याभरापूर्वीची, वेळ सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. तू म्हणालीस, "काका, म्या न्हाई केलं." आणि मी, शालू, त्या सगळ्यांच्या देखत म्हणालो, "मंग काय भुतानं केलं का?"

माझा हिशोब सरळ होता. सकाळी सहाला मी दुकानात नसतो, मी तेव्हा नळाला बादल्या लावत असतो. तुझ्याकडं खोलीवर लॅपटॉप होता, पहाटे उठून काम करायची तुला सवय होती. नाव तुझं, वेळ तुझी. आणखी काय पाहिजे? तू ओढणी आवरलीस, डबा पिशवीत टाकलास आणि जिना उतरून गेलीस. मला त्या वेळी वाटलं, चूक नसती तर भांडली असती. आता वाटतं, ज्या माणसानं सहा वर्षं पोरीसारखं वागवलं त्याच्याशी काय भांडायचं, असं तुला वाटलं असेल.

गेल्या महिन्याच्या एकादशीला मी शेवटी ती अकरावी साइट हाती घेतली. नक्कल केली, अपडेट केलं, बिलकुल बिनतक्रार झालं. तपासायचं म्हणून एका पानावर एक ओळ बदलली आणि बदल नोंदला गेला का बघायला ती यादी उघडली. बाहेर उन्हं डोक्यावर आलेली, खालच्या दुकानात हमाल भाकरी सोडून बसलेले, आणि यादीत माझ्या बदलापुढं वेळ लिहिलेली, सकाळी साडेसहा. मला आधी वाटलं, कॉम्प्युटरचं घड्याळ बिघडलं. ते तर बराबर बारा दाखवत होतं. मंग तुझी वही चाळली. तुझ्या नोंदींत दुसऱ्याच पानावर आहे, 'नवी साइट बांधली की पहिलं काम, तिची वेळ भारताची करणे, न्हाई तर साडेपाच तास मागं चालते.' दहा साइटींवर ते तू केलेलं होतं. अकरावी माझी. मी कधी केलंच नव्हतं, कारण मला ते माहीतच नव्हतं.

खुर्चीवरून उठलो ते गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो, चप्पल न घालता. सहा दहामध्ये साडेपाच तास मिळवले की अकरा चाळीस होतात. नोंदीतल्या त्या तारखेला अकरा चाळीसला तू दुकानात नव्हतीस. तू मोसंबीवाल्यांचे फोटो काढायला गेल्तीस. दुकानात मी एकटा होतो, तुझ्या खुर्चीवर. साहेबरावांचा फोन आला होता, वसतिगृहाच्या माहितीत एक ओळ वाढवा म्हणून. माझा पासवर्ड मला आठवत नव्हता, कधीच आठवत नसायचा. तुझ्या नावानं ती साइट उघडीच होती, तिच्यातच बसलो. किती वेळा तू म्हणालीस, "काका, तुमच्या नावानं शिरत जा, माझ्या नावानं नको." मी म्हणायचो, "एकाच घरात दोन चुली कशाला?" ती ओळ वाढवताना माझ्या हातून प्रवेश आणि वसतिगृहाच्या माहितीचा सगळा तक्ताच विस्कटला. तू आलीस की हसशील, म्हणून घाईघाईनं साइट त्या पानाच्या जुन्या प्रती जपून ठेवते, त्यांतली एक नीट दिसणारी उचलली आणि परत बसवली. तक्ता सरळ झाला. ती प्रत आदल्या सालची होती, हे मी बघितलंच नाही. तक्त्याबरोबर आदल्या सालची तारीखही परत आली. तुला मी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलं, असं मला वाटलंच नव्हतं. महिन्याभरानं साहेबराव आले तेव्हा ते माझ्या डोक्यातून साफ गेलेलं होतं, आणि यादीत अकरा चाळीस दिसलं असतं तर कदाचित आठवलंही असतं. पण हा 'कदाचित' माझ्या सोयीचा आहे, त्यावर तू विसंबू नको.

तुला वाटेल, त्याच दिवशी हा माणूस वाटूरच्या गाडीत का बसला नाही. मलाही रोज तेच वाटतं. अठरा दिवस झाले. रोज सकाळी ठरवतो आणि रोज काहीतरी आडवं येतं, म्हणजे मीच येतो. परवा जांबला गेल्तो. काकूला म्हणालो, दर्शन घेऊन येतो. दर्शन घेतलंही, पण पाय दुसरीकडंच ओढत होते. झुंबरबाईंचं घर शोधून काढलं. त्यांनी ओळखलं नाही, चहा केला. नातीचं विचारलं तर म्हणाल्या, "त्याच साली लगीन लावलं. घरी बसवून काय करायचं, म्हन्ले घरचे. सासरी बरी हाय." मी कपातला चहा गरम गरम पिऊन टाकला आणि निघालो. तिथंही बोललो नाही. बत्तीस वर्षं पाट्या रंगवल्या, एक अक्षर तिरकं गेलं तर सगळी पाटी पुसून परत काढायचो. उस्ताद म्हणून नाव होतं. ते नाव सोडवत नव्हतं, शालू, दुसरं काही नाही. या वयात लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं पोरीवर ढकललं.

आता हे लिहितो आणि मंग परमेश्वर येईल. काल सकाळी परतूरच्या शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका गिरिजाबाई, आवाज मोठा चांगला. म्हणाल्या, "शालूनं अर्जात तुमच्याकडं सहा वर्षं काम केल्याचं लिहिलंय, कशी आहे मुलगी?" तू माझं नाव लिहिलंस. सगळं झाल्यावरही लिहिलंस, कारण तू शिकलीस ती इथंच आणि तुला खोटं लिहिता येत नाही. मी म्हणालो, "पोरगी हुशार आहे, मेहनती आहे, पण..." आणि थांबलो. सगळं माहीत असताना हा 'पण' माझ्या तोंडून निघाला. तीन वर्षं तो तुझ्या नावामागं लावून मी इतका सरावलो होतो की तो आपसूकच आला. गिरिजाबाई "बरं, समजलं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यांना काय समजलं ते मला माहीत आहे. तेव्हापासून मी उभा-बसा करतोय. म्हणून हे पत्र. माफी मागायला लिहीत नाही, ती द्यायची की नाही हे तुझं तू बघ. लिहितो ते एवढ्यासाठी की मंगळवारी तू मान खाली घालून त्या खोलीत शिरू नयेस. सोमवारी पहिल्या गाडीनं मी परतूरला जातोय. जे तुला लिहिलं ते सगळं दुसऱ्या कागदावर माझ्या सहीनं उतरवून घेतलंय, गिरिजाबाईंच्या समोर बसून वाचून दाखवणार. येताना कॉलेजात साहेबरावांकडं तोच कागद, आणि जांबला झुंबरबाईंना तोंडी, त्यांना वाचता येत नाही म्हणून. गिरिजाबाईंनी तरीही तुला घेतलं नाही, तर तो दोष कोणाचा हे निदान त्यांना ठाऊक असेल. मी तिथं असताना तू येऊ नको, मला तुझ्यासमोर बोलता यायचं नाही. तू मंगळवारीच जा.

तुझाच,
रामप्रसादकाका