बाबा इथे मजेत आहेत

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.१५

काल संध्याकाळी बाबा आले. एक सुटकेस, एक छत्री, कानाचं मशीन. दादा सोडून गेला. इतकी वर्षं ते त्याच्याकडे होते, आता माझी पाळी. दारातच म्हणाला, आठवडाभर ठेवून बघ बेबी, रविवारी ठरवू. म्हणजे ठरलंच. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला पोटची मुलगीच लागते. मी त्यांच्या खोलीला नवे पडदे लावलेत, नवी गादी घातलीय. ही काही आठवड्याची तयारी नव्हे.

संकल्प: रोज चार वेळा ताजं, मऊ, बिनमिठाचं. संध्याकाळी सातला त्यांना वाचून दाखवायचं. मग माझा अभ्यास. शनिवारी ‘वृद्धांचा आहार’ या कोर्सची परीक्षा आहे. धडे बारा. रोज दोन केले की झालं. चिडायचं नाही.

माळ्यावरून माझ्या बोर्डिंग शाळेची पितळी घंटा काढली. बोर्डिंग बंद झालं तेव्हा सिस्टरनी आठवण म्हणून मला दिली होती. घंटेवर जेवलं की पोटालाही वळण लागतं.

बाबांचं वजन ५६.४.

दुपारी २

घंटा वाजवली. बाबा इतके दचकले की पाण्याचा ग्लास सांडला. होईल सवय. मला सहाव्या वर्षी झाली होती.

भोपळ्याचं सूप. बाबांनी विचारलं, घरात मीठ आहे का. म्हटलं, आहे की, माझ्यापुरतं. विनोद आवडला असावा. बराच वेळ सूपकडे बघत बसले.

मंगळवार, ४ मार्च

आज वाचनाला सुरुवात. सातवीत वक्तृत्वाचं बक्षीस म्हणून मिळालेलं प्रवासवर्णन काढलं. सात वाजले आणि बाबांनी आपणहून कानातलं मशीन काढून डबीत ठेवलं. मला भरून आलं. यंत्रातून नको, मुलीचा खरा आवाज हवा. पन्नास मिनिटं वाचलं. एकदाही मध्ये बोलले नाहीत. दादाकडे टीव्हीसमोर सारखी टीका चालते म्हणे.

अभ्यास: धडा एक, अर्धा. घसा बसला. उद्या साडेतीन करीन.

बुधवार, ५ मार्च

वजन ५५.६. बाथरूमची फरशी उतरती आहे. काटा हॉलमध्ये हलवला. ५५.५.

जिन्यात खालची शिवणकामवाली भेटली. म्हणाली, तुमचे बाबा अकरा वाजता माझ्याकडे येऊन बसतात हो, काल आणि आज. लोणी लावलेला पाव इतका मन लावून खाणारा माणूस मी पाहिला नाही. बाई मुळातच बोलघेवडी. बाबांना लोणी चालतच नाही.

तरीही उद्यापासून अकराच्या आत बाहेरून कडी. जिन्यात तोल गेला म्हणजे? बाबांना सांगितलं, तुमच्या भल्यासाठीच हं. ते म्हणाले, बरं. आमच्या बोर्डिंगचं गेटही सदा बंद असायचं. किती सुरक्षित वाटायचं.

मी डेन्टिस्टच्या दवाखान्यात अर्धा दिवस काउंटरवर बसते. आज एका पेशंटची दाढ काढली, त्यांना मऊ आहारावर वीस मिनिटं समजावलं. ते गाल धरून ऐकत होते. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, मॅडम, तुम्ही आठवडाभर घरीच थांबा. माझ्या परीक्षेची त्यांना केवढी काळजी.

धडा एक, उरलेला.

गुरुवार, ६ मार्च

बाबांचं कपाट अजून रिकामं. सुटकेसमधूनच शर्ट काढतात, सुटकेसमध्येच ठेवतात, वर क्लिपा लावतात. माझा नीटनेटकेपणा कुणावर गेलाय ते कळलं.

दुपारभर बाल्कनीत असतात. हवा मानवलीय. मधूनमधून उभे राहतात, कठडा धरून वाकून बघतात, परत बसतात. पायांना चांगला व्यायाम. निरखून पाहिलं तर निळी गाडी आली की उठतात. दादाची गाडी निळी आहे, पण रस्त्यावर निळ्या गाड्या काय कमी असतात?

दादाचा फोन. बाबांना दे म्हणाला. मी म्हटलं, त्यांना फोनवर धड ऐकू येत नाही, ते लिहून कळवतील. आता उद्याच त्यांना बसवते. रविवारी दादा आला की बोलायला जागाच राहायला नको. लेखी ते लेखी.

वजन ५४.८. काटा सतरंजीवर ठेवला होता, त्यामुळे असेल.

शुक्रवार, ७ मार्च. दुपारी ४

बाबांना टेबलाशी बसवून पेन दिलं. बोर्डिंगमध्ये दर रविवारी आम्ही घरी पत्र लिहायचो. सिस्टर मजकूर फळ्यावर लिहून द्यायच्या, म्हणजे कुणाचं काही चुकत नसे. दहा वर्षं लिहिलं, अजून तोंडपाठ आहे. बाबा म्हणाले, काय लिहू? मी सांगितलं: मी इथे मजेत आहे. जेवण चांगलं असतं. हवा छान आहे. माझी काळजी करू नये.

बाबांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. आठवड्यात पहिल्यांदा इतका वेळ बघितलं. मग पेन उचललं आणि अक्षरन् अक्षर तसंच लिहिलं. खाली सही ठसठशीत.

फोटो काढून दादाला पाठवला. त्याने लगेच पाहिला. उत्तर नाही. काय बोलणार बिचारा.

आज वजन केलं नाही. काट्याचा भरवसा नाही. अभ्यास उद्या पहाटे, अकरा धडे. डोकं ताजं असतं.

शनिवार, ८ मार्च. दुपारी ३

परीक्षेला गेले नाही.

सकाळी साडेआठलाच दादा दारात. बाबा सुटकेस घेऊन तयार. छत्रीसुद्धा हातात. मी दादाला म्हटलं, रविवारी ठरवायचं होतं ना? पत्र नाही वाचलंस का? तो म्हणाला, वाचलं बेबी, म्हणून तर पहाटे निघालो. अगं, तू बोर्डिंगमधून दर आठवड्याला हेच धाडायचीस. हेच शब्द. बाबा मोठ्याने वाचायचे आणि पत्राची घडी घालत म्हणायचे, पोर रडतेय तिथे. अजून आमच्या घरी तुझ्या वहिनीची भाजी करपली की बाबा म्हणतात, जेवण चांगलं असतं. ती हसून हसून लोळते. तुला ठाऊक नाही होय?

मला ठाऊक नव्हतं.

मी बाबांना विचारलं, तुम्हाला कळत होतं, तर मला न्यायला का नाही आलात?

दादा बुटाची नाडी बांधत बसला. बाबांनी कानातलं मशीन काढलं, डबीत ठेवलं, डबी खिशात टाकली आणि म्हणाले, चल रे, ऊन व्हायच्या आत निघू.

त्यांना ऐकू आलं नसणार. मी पुन्हा विचारलं नाही.

गाडीपाशी शिवणकामवाली उभी होती, हातात पुडकं. लोण्याचे डाग वरपर्यंत आले होते.

रविवार, ९ मार्च. दुपारी १

घंटा वाजवून जेवायला बसले. कालचं सूप होतं.

मी इथे मजेत आहे. जेवण चांगलं असतं. हवा छान आहे.